चार दिवस दोघांचे

पत्रांच्या गठ्ठ्यात एका वाचक भगिनींचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणतात. लग्नाला चौदा वर्षं झाली, दोन मुलं, घरात सासूसासरे. ‘आम्ही दोघांनीच कुठे चार दिवस जाऊन आलो तर तो स्वार्थीपणा होईल का?’ असा त्यांचा प्रश्न. लिंबाच्या लोणच्याला बुरशी का येते, हा दुसरा प्रश्नही त्याच पत्रात आहे. त्याचं उत्तर पुढच्या खेपेला. आज पहिल्याबद्दल, कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच त्या फेऱ्यातून गेले आहे.

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला दोन दिवस राहिलो होतो. आता सातारकरांनी महाबळेश्वरला जाणं म्हणजे मंडईत जाऊन येण्यासारखंच. त्यानंतर अकरा वर्षं प्रवास पुष्कळ झाला, पण तो कुणाचं बारसं, कुणाची मुंज, कुलदैवत, असा. दोघंच असे कधी नाही. यंदा माझी भिशी लागली, त्यात शाळेच्या तासांचे साठवलेले पैसे घातले आणि अंदमानची तिकिटं काढली. घरात सांगायचा धीर मात्र आठ दिवस होत नव्हता. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “अगं, जाऊन या. मी काय इतकी म्हातारी झालेय का?” भाऊबीज उरकून वन्सं चार दिवस राहायला आल्या. मी फ्रीजच्या दारावर तीन कागद चिकटवले. दूधवाला, चिरंजीवांचं औषध, कुठल्या डब्यात काय. वन्सं ते वाचून हसल्या. “वहिनी, मीही संसार करते हो!”

चेन्नईला विमान बदललं आणि भर दुपारी पोर्ट ब्लेअरला उतरलो. २०२४ पासून गावाचं नाव श्री विजय पुरम झालं आहे, पण रिक्षावाल्याच्या तोंडी जुनंच. तिथे पहिली गंमत घडली. खोलीवर जाऊन चहा घेतो न घेतो तोच अंधार! घड्याळात पाच वाजले होते. ही बेटं कोलकत्त्याच्याही पूर्वेला, आणि घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो आणि पहाटे सव्वापाचला उगवतो. घरी पाच म्हणजे दुसरा चहा, शिकवणीहून आलेला मुलगा, रात्रीच्या भाजीचा विचार. इथे पाच वाजता रात्र झाली आणि माझ्या हाताला कामच नाही. मी बॅगेतले कपडे दोनदा घड्या घालून ठेवले. हे आपले खिडकीत उभे. साडेसहा वाजेस्तोवर बोलायचे विषय संपले! मुलगा जेवला का, गॅस बंद केला होता का, आणि मग काहीच नाही. खरं सांगते, मला भीतीच वाटली.

यांनी येताना एक वेळापत्रक करून आणलं होतं. सेल्युलर जेल, रॉस बेट, बारतांग, हॅवलॉक, नील, हत्ती किनारा, सगळं चार दिवसांत. बारतांगवर मी काट मारली. तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो, आणि माणसं बघायला म्हणून गाडीत बसून जाऊ नये असं माझं मत आहे. जेल मात्र मराठी माणसाला टाळता येणार नाही.

१८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधलेली ती वास्तू. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. प्रत्येक कोठडीचं दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसायलाच नको. तात्याराव सावरकर १९११ साली इथे आले; थोरले बंधू बाबाराव आधीपासून इथेच. १९२१ साली दोघांना इथून हलवलं. तोवर बाबारावांच्या पत्नी, येसूवहिनी, हे जग सोडून गेल्या होत्या. नवऱ्याची भेट काही झाली नाही. कोठडीपुढे सगळे फोटो काढत होते. मला मात्र तिकडे नाशकात वाट पाहणाऱ्या त्या बाईच डोळ्यांसमोर येत होत्या. हेही काही बोलले नाहीत. बाहेर अंगणातल्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो आणि त्या दिवशीचं रॉस बेट राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉकला. सरकारी कागदावर ते २०१८ पासून स्वराज द्वीप. दोनेक तासांचा प्रवास. बोट लागणाऱ्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी आणि रिकाम्या पोटी चढू नये. बेटावर वस्ती बरीचशी बंगाल्यांची. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना पन्नासच्या दशकात इथे जमिनी दिल्या, म्हणून गावांची नावं कशी तर गोविंदनगर, विजयनगर, राधानगर. राधानगरचा किनारा पश्चिमेला. पांढरी मऊ वाळू आणि पाण्याला लागून उंच जुनं रान. असा किनारा मी कोकणातही पाहिला नाही, आणि माझं माहेर देवगडकडचं आहे, म्हणजे बघा!

आम्ही उतरलो होतो तो विजयनगरचा किनारा पूर्वेला. सकाळी पाहिलं तर समुद्रच गायब! ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की सगळा खडक आणि पोवळ्याचे सांगाडे उघडे पडतात. पोहायला जायचं तर भरतीची वेळ आधी विचारून ठेवावी, आणि पायात रबरी चपला असाव्यात. माझ्या अंगठ्याला चांगलं कापलं. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचे इशारे देणारे फलक लावलेले असतात, ते शोभेचे नव्हेत. त्या बाजूला पाण्यात उतरूच नये.

जेवणाची सोय एका बंगाली बाईंच्या घरगुती खानावळीत केली. पहिल्याच दिवशी त्या केळफूल निवडत बसलेल्या. माझे हात शिवशिवले. तेल लावलेल्या बोटांनी एकेका फुलातला कडक दांडा काढायचा, हे मी आईकडे लहानपणी केलेलं. बसलेच शेजारी. त्या घालतात बटाटा, हरभरे, खोबरं, वर तूप आणि गरम मसाला; आपल्यासारखे काळे वाटाणे नाहीत. हे दारातून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, “एवढे पैसे घालून इथे येऊन भाजीच निवडायची होती?” मी म्हटलं, “तुम्हीही तर सुट्टीत वेळापत्रकच पाळताय!” शब्दानं शब्द वाढला. त्या रात्री दोघं पाठी करून झोपलो. एवढ्या सुंदर बेटावर!

तिसऱ्या दिवशी पावसानं धरलं. बोटी बंद, नील गेलं, हत्ती किनारा गेला. झोपडीच्या ओट्यावर दोन खुर्च्या आणि समोर धुरकट समुद्र. तासभर कुणी बोललं नाही. मग हे एकदम म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी मला नागपूरची बढती आली होती. मी नको म्हणून कळवलं.”

मला कळेचना. मी विचारलं, “आणि मला सांगितलं नाहीत?”

“कधी सांगणार? आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तू सकाळी पोळ्या करत असतेस, मग शाळा. रात्री आई समोर, मुलगा अभ्यासाला. आणि तू ‘जाऊ या’ म्हणाली असतीस तर?”

मैत्रिणींनो, राग नागपूरचा नव्हता. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट ठरली आणि मी स्वयंपाकघरात होते, ह्याचा होता. मी बरंच बोलले. रडलेही. पण बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की त्याच वर्षी मी बी.एड्.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला होता आणि पैसे भरायच्या पायरीवर सोडून दिला होता. बी.एड्. नाही म्हणून मी इतकी वर्षं तासांवर शिकवतेय. तेही मी यांना कधी सांगितलं नव्हतं. कारण तेच, ऑपरेशन.

मी ते सांगितलं. हे खूप वेळ गप्प. पाऊस पागोळ्यांतून गळत होता. मग म्हणाले, “आता पुढची मुदत कधी असते?”

नागपूरबद्दलचा सल माझ्या मनातून पूर्ण गेला आहे असं नाही. परवाही निघाला होता विषय. पण आता निघतो तरी.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना दोन-तीन गोष्टी सांगते. अंदमानला जायचं तर नोव्हेंबरात पाऊस गाठू शकतो. डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत हवा जास्त भरवशाची. बोटीची तिकिटं आधी काढावीत, परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. शंखशिंपले, पोवळी वेचून बॅगेत टाकू नयेत. कायद्यानं मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. मुलाला शंख हवा होता, त्याला नारळाच्या करवंटीचा पेला नेला. थोडा रुसला. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून तारा टाकल्यापासून तिथे फोन बरे लागतात. घरी रोज एक ठरलेली वेळ सांगून ठेवावी आणि एरवी तो बंद ठेवावा. मला जमलं नाही ते. आणि स्वार्थीपणाचं म्हणाल, तर आमच्या घरात आमच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. डबे जरा इकडचे तिकडे झाले होते, इतकंच.

घरी आल्यावर सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, “काय काय पाहिलंत रे?”

हे म्हणाले, “फारसं काही नाही. एक दिवस तर नुसता पाऊसच होता.”

“अरे, मग एवढे पैसे घालून गेलात कशाला?”

मी पटकन चहा टाकायला आत गेले. मागोमाग हेही आले, कपबश्या काढायच्या निमित्तानं, आणि आम्ही दोघं तिथे तोंडावर पदर-रुमाल धरून हसत सुटलो.