देणाऱ्याला शब्द नाही

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतलं एक पोर पोलिसांनी उचललं. वय एकोणीस. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट : सुपारी घेऊन हल्ला, तरुणाला अटक. पोराचं नाव, बापाचं नाव, वस्तीचं नाव, सगळं छापलेलं. ज्यानं पैसे मोजले तो मात्र 'अज्ञात इसम'. संध्याकाळी पोराची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "दादा, तू शिकलेला. सुपारी म्हंजे लग्नाची असती ना रं? माझ्या लेकाचं तर अजून ठरलं बी न्हाय."

मी काय बोलणार? मावशीचं मराठी बरोबर होतं. चुकलं होतं ते पेपराचं.

आपल्यात सुपारी फुटली म्हणजे लग्न पक्कं. पानसुपारी म्हणजे मान. आणि तिसरी सुपारी आपल्या लोकांच्या पोटाची. गुढीपाडव्याला नारायणगावला जाऊन बघा. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे यात्रेवाले येतात, सौदा करतात, विसार देतात. तमाशाला सुपारी मिळाली म्हणतात त्याला. माझा थोरला मामा ढोलकीवर होता. सुपारी आली की घरात ज्वारी यायची. म्हणजे सुपारी हा महार-मांग-कोल्हाट्यांच्या कलेच्या मजुरीचा शब्द. घेतली की मोडायची नाही, पावसात फड भिजला तरी उभं राहायचं. हा इमानाचा भाग मुंबईच्या टोळीवाल्यांनी उचलला, बाकी सगळं फेकून दिलं. १९८० नंतर पेपरांनी आणि सिनेमानं तो शब्द इतका वाजवला, की आता फडाचा मॅनेजरसुद्धा फोनवर 'सुपारी' म्हणताना इकडंतिकडं बघत असेल.

आता तर पुढारी एकमेकांना सुपारीबाज म्हणतात. २०२४ च्या ऑगस्टात बीडमध्ये एका पुढाऱ्याच्या गाडीवर खरोखरच्या सुपाऱ्या फेकल्या. तो पुढारी पुन्हा सभेला. आमच्या पोराला हाच शब्द चिकटला तर जामीन नाही. शब्द एक, भाव दोन.

कोयत्याचंही तेच. ऊसतोडीच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल घेतली की हंगामभर दोन माणसांचं मिळून नाव कोयता. पुण्यातल्या पेपरांनी २०२२-२३ पासून 'कोयता गँग' सुरू केली. पहिल्या कोयत्यासाठी यांच्याकडं कधी चौकट नव्हती.

पण हे काय आजचं नाही. या शहराला सवय जुनी. शनिवारवाड्यावर रविवारी जा. गाईड पोराटोरांना 'काका मला वाचवा' ऐकवत असतो आणि म्हणतो, गारद्यांनी मारलं. बघा, 'गारदी' म्हटलं की आपल्याही डोळ्यापुढं मिशीवाला खुनी उभा राहतो. मुळात तो फ्रेंच शब्द, 'गार्द'. म्हणजे पहारा. बुसीनं दक्षिणेत कवायती पलटणी उभ्या केल्या त्यातनं तो आपल्याकडं आला. इब्राहिमखान गारदी १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांच्या तोफा घेऊन लढला, पकडला गेला, मारला गेला. तेव्हा गारदी म्हणजे इमानी शिपाई. ३० ऑगस्ट १७७३ ला सुमेरसिंगाचे गारदी थकलेल्या पगाराचा आरडाओरडा करत वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावाला कापलं. बारा वर्षांत शब्द फिरला. अख्ख्या जमातीला, पगारी शिपायांच्या सगळ्या जातीला खुनी ठरवून मोकळे.

आणि ज्यानं गारदी घातले? रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष राघोबादादावर ठेवला आणि पुणं सोडलं. तेवढा एक माणूस सरळ निघाला, ते मान्य. पण मराठी भाषेनं काय केलं? हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं ते पाप आनंदीबाईच्या बोटावर लोटलं. आजही कारकुनानं कागदात खाडाखोड केली की 'ध चा मा'. बाईच्या नावानं म्हण. हाताच्या नावानं शिवी. आणि राघोबाला? राघोभरारी! अटकेपार घोडा नेला म्हणून. हे इतिहासाच्या पुस्तकात शिकून मी शाळेत पैकीच्या पैकी मार्क घेतलेत, साला.

गारद्याचं काम पहाऱ्याचं, रामोशाचंही पहाऱ्याचंच. गावानं रामोशाला राखणीला ठेवायचं, महाराला वेशीवर जागायला लावायचं आणि चोरी झाली की पहिली काठी त्याच्याच पाठीत. पहारेकऱ्याचा मारेकरी करायला पुण्याला वेळ लागत नाही. हे १८५६ ला जोतीराव फुल्यांच्या घरात झालं. रात्री दोघे हत्यार घेऊन आत शिरले. रोडे रामोशी आणि धोंडिराम नामदेव कुंभार. जोतीराव आणि सावित्रीबाई जागे झाले. विचारलं, कशासाठी आलात? म्हणाले, तुम्हाला मारायला पाठवलंय, हजार-हजार रुपये कबूल केलेत. जोतीरावांनी मान पुढं केली. तुमच्यासारख्यांचं भलं व्हावं म्हणून तर माझं आयुष्य, माझ्या मरणानं होत असेल तर घ्या. दोघांच्या हातातली हत्यारं गळाली.

ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो आणि जोतीरावांच्या मोठेपणावर थांबतो. मी त्या दोघांकडं बघतो. रोडे पुढं जोतीरावांचा अंगरक्षक झाला, म्हणजे परत पहाऱ्यावर आला. धोंडिराम शिकला, सत्यशोधकांचा पंडित झाला, भटांशी शास्त्रार्थ करायला लागला. मारेकरी हा शब्द त्यांच्या अंगावरनं गळून पडला, कारण कुणीतरी त्यांना मारेकरी म्हणायच्या आधी विचारलं, की बाबांनो तुम्हाला कुणी, किती देऊन पाठवलं?

आणि ते हजार-हजार रुपये कबूल करणारा? त्याचं नाव आपल्यातल्या कुणाच्या तोंडी आहे का? नाही. सनातनी, एवढंच. आडनाव नाही, पेठ नाही.

मराठीत गारदी आहे, मारेकरी आहे, भाडोत्री आहे, सुपारीबाज आहे. सगळे शब्द घेणाऱ्याला. देणाऱ्याला एकच, कायद्याच्या पुस्तकातला : अपप्रेरक. कुठल्या नाक्यावर ऐकलाय हा शब्द? १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्या कलम १११ मध्ये पैसे घेऊन केलेला खून संघटित गुन्ह्यात घातलाय. कलम झालं. शब्द नाही झाला.

शनिवारवाड्यापासून चालत जा, ओंकारेश्वराचा पूल लागतो. त्याला नाव विठ्ठल रामजी शिंद्यांचं. त्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. इथं पैशाच्या सुपारीची गोष्ट नाही, डोक्यात भरवलेल्या विषाची आहे. तरी हिशेब तोच निघाला. १० मे २०२४ ला पुण्याच्या कोर्टानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. सूत्रधार वेगळाच कुणी आहे आणि तपासाला तो सापडला नाही, हे कोर्टानंच निकालात म्हटलं. अकरा वर्षांत हात सापडले, डोकं नाही.

आमच्या पोरानं केलं ते चूकच. ज्याला मारलं तोही कुणाचा तरी बापच, टेम्पो चालवून खाणारा. पोराची वकिली मी करत नाही, आणि मावशीही करत नाही. शनिवारी तिच्याबरोबर वकिलाकडं गेलो. वकील म्हणाला, पैसे कुणी दिले ते पोरगं सांगत नाही. मावशीनं विचारलं, "साहेब, पोलिसांनी इचारलं का त्याला?" वकील कागद चाळायला लागला. चाळून झाल्यावर म्हणाला, पुढच्या तारखेला बघू.

बाहेर आल्यावर तिनं पिशवीतनं पेपरचं ते कात्रण काढलं, घडी घातलेलं. 'अज्ञात इसम' वर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये आडनाव कुठल्या गावचं?"