हात तुमचा, बोनस कंपनीचा

रोह्याच्या एका स्नेह्यांनी या आठवड्यात गाडीच्या विम्याचं कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. ‘नो क्लेम बोनस’समोर चक्क शून्य! धाटावच्या एमआयडीसीतली नोकरी सुटली तशी कंपनीची गाडी परत गेली. वडखळ-नागोठण्याचे खड्डे चुकवत इतकी वर्षं ती एकाही क्लेमशिवाय चालवली, तरी पॉलिसी नोकरीच्या कंपनीच्या नावावर, म्हणून बोनसही तिचाच. हा बोनस म्हणजे काही खिरापत नव्हे: सलग पाच वर्षं क्लेम नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात, म्हणजे ‘ओन डॅमेज’मध्ये, ५० टक्के सूट मिळते, थर्ड पार्टीचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. मोटर टॅरिफच्या नियमात एक वाट आहे. तीच गाडी कर्मचाऱ्याच्या नावावर झाली आणि ती फक्त तोच चालवत होता असं पत्र कंपनीने दिलं, तर बोनस त्याला मिळू शकतो. दुसरी गाडी घेतली की ही वाट बंद, आणि हा सरळसरळ अन्याय आहे. सावधपणा चालवणाऱ्याचा असतो. सूट त्याच्याच मागे गेली पाहिजे. तोवर राजीनाम्याआधी गाडी विकत मागा, पत्र हातात घ्या, मगच पेणच्या आरटीओची पायरी चढा. आणि रोहेकरांनो, कुंडलिकेला पूर येतो हे तुम्हाला मी सांगायला नको; पाण्यात अडकलेल्या गाडीला स्टार्टर मारून इंजिन गेलं, तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते, तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी ‘इंजिन प्रोटेक्शन’ घ्याच.