‘खऱ्या’ क्वीनचा शोध आणि कपाटातल्या टेपा

क्वीनच्या चाहत्यांत दोन भांडणं कधीच मिटत नाहीत. खरी क्वीन कोणती, हे पहिलं. फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजातलं जे अजून बाहेर आलेलं नाही त्याचं काय करायचं, हे दुसरं. भांडणं दोन असली तरी भांडणारे बहुधा तेच असतात. पहिल्या भांडणात १९८० नंतरची क्वीन मोडीत काढणारा गृहस्थच दुसऱ्या भांडणात १९८८ सालच्या एखाद्या अर्धवट टेपेसाठी जीव टाकताना दिसतो. जी क्वीन त्याच्या मते खोटी, तिची फेकून दिलेली गाणी मात्र त्याला अमूल्य वाटतात.

आधी पूर्वपक्ष त्याच्याच तोंडून ऐकू. १९७३ च्या पहिल्या अल्बमपासून १९७८ च्या ‘जॅझ’पर्यंत क्वीन सोवळ्यात होती. अल्बमच्या वेष्टनावर सिंथेसायझर वापरलेला नाही असं छापण्याइतका त्यांना आपल्या हातांचा अभिमान होता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त आवाजावर आवाज चढवून तीन माणसांचा जमाव उभा केला तो यंत्रानं नव्हे, गळ्यानं. मग १९८० साली ‘द गेम’ आला, सिंथेसायझर आला, दोन वर्षांनी ‘हॉट स्पेस’मध्ये डिस्को घुसला आणि सगळं बाटलं.

हे म्हणणं पोकळ नाही, पण ते वेष्टनावरची एक ओळ वाचून थांबतं. ती ओळ व्रत म्हणून छापलेली नव्हती, खुलासा म्हणून छापलेली होती. ब्रायन मे वडिलांच्या मदतीनं घरी बनवलेल्या गिटारवर थरावर थर चढवायचा, आणि ऐकणाऱ्यांना ते यंत्रातून काढलेले सूर वाटायचे. त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून ती सूचना. पुढे ‘द गेम’मध्ये सिंथेसायझर वापरला, तेव्हा क्वीनच्या अल्बमवर तो पहिल्यांदाच येतोय हे त्यांनी यंत्राच्या नावासकट वेष्टनावर छापलं. लपवाछपवी करणारा माणूस असं करत नाही. बाटल्याचा आरोप करणाऱ्यांनी दुसरं वेष्टन वाचलेलं दिसत नाही.

आता या मंडळींच्याच सर्वांत आवडत्या पुराव्याकडे येऊ. १३ जुलै १९८५, वेम्बली, लाइव्ह एड. क्वीनला मिळालेली ती वीसेक मिनिटं म्हणजे रॉकच्या रंगमंचावरचा कळस, यावर सोवळे आणि ओवळे दोघांचंही एकमत आहे. त्या वेळात क्वीननं सहा गाणी वाजवली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा तुकडा, ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही सत्तरीतली. ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे ‘द गेम’ अल्बममधलं. ‘रेडिओ गा गा’ आणि ‘हॅमर टू फॉल’ ही १९८४ च्या ‘द वर्क्स’मधली. म्हणजे कळसाचा अर्धा भाग ‘बाटलेल्या’ क्वीनचा. सगळं मैदान एका तालात दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवतंय, हे दृश्य आठवून ज्यांच्या अंगावर आजही काटा येतो, त्यांनी लक्षात घ्यावं की ते ‘रेडिओ गा गा’ आहे आणि ते गाणं उभंच आहे मुळी सिंथेसायझरवर.

खरं तर ‘एक खरी क्वीन’ ही कल्पनाच या बँडला लागू पडत नाही. इथे चौघंही गाणी रचणारे. ‘वी विल रॉक यू’ मेचं, ‘वी आर द चॅम्पियन्स’ मर्क्युरीचं, ‘रेडिओ गा गा’ रॉजर टेलरचं, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ अबोल जॉन डीकनचं. एकाला जड गिटार हवी, दुसऱ्याला ऑपेरा, तिसऱ्याला नाचता येईल असा ठेका. अशा घरात एकमुखी परंपरा कशी नांदणार? बदल हा इथला बिघाड नव्हता, चौघांपैकी कोणाचं पारडं त्या वर्षी जड होतं एवढाच त्याचा अर्थ. ‘हॉट स्पेस’ची पहिली बाजू मी सहसा लावत नाही आणि ‘बॉडी लँग्वेज’ची वकिली माझ्याकडून होणार नाही. पण अल्बम फसला म्हणून बँड खोटा ठरत नाही, आणि त्याच अल्बमच्या शेवटी ‘अंडर प्रेशर’ आहे, त्याचं काय करायचं?

आपल्याकडे आणखी एक पोटपंथ आहे, पाचगणीवाल्यांचा. फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, पियानो शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळेतल्या बँडमध्ये वाजवू लागला, म्हणून मूळ क्वीन सह्याद्रीतच शोधायची. अभिमान असावा. पण बँड लंडनमध्ये १९७० साली जमला आणि डीकन त्यात १९७१ साली आला. पाचगणीनं पियानो दिला, एवढं पुष्कळ झालं.

आता कपाटाकडे, म्हणजे दुसऱ्या भांडणाकडे. तिथेही दोन तट आहेत. एक म्हणतो, जे आहे ते सगळं बाहेर काढा, चाहत्यांचा तो हक्क आहे. दुसरा म्हणतो, माणूस २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, आता जे चाललंय ते मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे. दोघंही सगळ्या टेपांना एकाच मापानं मोजतात, आणि तिथेच चुकतात.

‘मदर लव्ह’ घ्या. १९९१ साली माँत्रोच्या स्टुडिओत मर्क्युरी गायला तो आपल्यामागे बाकीचे हे पुरं करतील हे पक्कं ठाऊक असताना. शेवटचं कडवं गायला तो परतलाच नाही, म्हणून ते मेनं गायलं. १९९५ च्या ‘मेड इन हेवन’मध्ये ते तसंच आहे, सांधा लपवलेला नाही, आवाज बदलतो तो कानाला कळतो. याला लोणी खाणं म्हणणाऱ्यानं गाणाऱ्याची इच्छाच धाब्यावर बसवली. पण त्याच अल्बमचं शीर्षकगीत आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही गाणी कपाटातली नव्हतीच. ती १९८५ च्या ‘मिस्टर बॅड गाय’ या मर्क्युरीच्या एकट्याच्या अल्बममधली. क्वीनच्या बाहेर काहीतरी करून पाहावं म्हणून त्यानं तो अल्बम काढला, आणि तो गेल्यावर उरलेल्या तिघांनी त्याच्या आवाजामागे आपली वाद्यं घालून ती गाणी क्वीनची करून टाकली. ऐकायला छान वाटतात, नाही असं नाही. तरी हे मला पटत नाही. एकाच अल्बममध्ये दोन्ही प्रकार शेजारीशेजारी बसलेत, आणि दोन्ही तट मात्र आख्ख्या अल्बमला एकच शिक्का मारून मोकळे होतात.

‘फेस इट अलोन’चा प्रकार आणखी वेगळा. १९८८ च्या सुमारास ‘द मिरॅकल’ घडत असताना सुरू झालेलं आणि बाजूला पडलेलं हे गाणं ऑक्टोबर २०२२ मध्ये निघालं. ते वाचवता येणार नाही असं आधी वाटलं होतं, असं मे स्वतः सांगतो. मग ध्वनितंत्रज्ञांनी तुकडे जोडून ते उभं केलं. गाणं बरं आहे, बरंच आहे. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढच्या महिन्यात आलेल्या ‘द मिरॅकल’च्या संग्राहक आवृत्तीतली स्टुडिओतल्या सत्रांची तबकडी. तिथे गाणी अर्धवट आहेत, मध्ये गप्पा आहेत, चुका आहेत. सगळी गाणी चौघांच्या सामाईक नावावर टाकणारा हा क्वीनचा पहिला अल्बम, आणि चौघं मिळून काम करतात म्हणजे नेमकं काय करतात हे त्या तबकडीतून कळतं. चकचकीत करून काढलेल्या एकुलत्या गाण्यातून ते कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कच्चं ते कच्चं म्हणूनच द्या. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठ वर असतो आणि पाठभेद तळाशी. तळातलं काहीही फेकलेलं नसतं, पण ते वरच्या ओळीत गुपचूप घुसवलेलंही नसतं. २०२३ साली मर्क्युरीच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या हस्तलिखित मसुद्यात आधी ‘मंगोलियन’ लिहून खोडलेलं आढळलं. ते पाहून सगळे हरखले. म्हणून गाणं आता नव्या नावानं काढा, असं कोणी म्हटलं नाही.

पण २०२४ साली पहिल्याच अल्बमच्या बाबतीत जवळपास तेच घडलं. ट्रायडंट स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा उरल्यासुरल्या वेळात ध्वनिमुद्रित केलेला हा अल्बम. त्यातल्या ड्रम्सचा कोरडा आवाज बँडला कधीच आवडला नव्हता. तो आता हवा तसा करून घेतला, आणि तेव्हा वगळलेलं ‘मॅड द स्वाइन’ यादीत परत बसवलं. मूळ हेतू साधला, असं त्याचं समर्थन होतं. विशीतल्या पोरांचा हेतू आज पंचाहत्तरी गाठलेली माणसं सांगणार, आणि आपण तो मूळ मानायचा? नवं रूप जरूर ऐकावं, पण १९७३ चा पाठ १९७३ चाच. तो कोरडा ड्रम हाही पुरावा आहे: पैसा नाही, वेळ नाही, दुसऱ्याच्या स्टुडिओत रात्री-बेरात्री उभं राहायचं. १९७१ साली डी लेन ली स्टुडिओत केलेल्या नमुना-मुद्रणांचं म्हणूनच मला अप्रूप आहे. तिथली नवी यंत्रं तपासायला कोणीतरी मोठ्यानं वाजवणारं हवं होतं, आणि बदल्यात या चौघांना फुकट मुद्रण मिळालं. २०११ च्या पुनर्प्रकाशनात ती गाणी रीतसर आली, तेव्हा ‘सोवळी’ क्वीन मुळात किती अडचणीत उभी राहिली ते कळलं.

आणि हक्काची भाषा करणाऱ्यांसाठी ‘कूल कॅट’. ‘हॉट स्पेस’मधल्या या गाण्यात डेव्हिड बोवीचाही आवाज होता. तो बोवीला रुचला नाही, काढायला सांगितला आणि अल्बम निघण्यापूर्वी काढला गेला. चोरट्या प्रती फिरतात. आता बोवी नाही, मर्क्युरी नाही, म्हणून तो आवाज अधिकृतपणे परत घाला अशी मागणी अधूनमधून होते. बोवीनं नकार दिला तो शुद्धीत, कामाच्या वेळी आणि कारण जाणून. मेल्यानंतर त्या नकाराची मुदत संपत नाही. गाणं मर्क्युरी आणि डीकन या दोघांनी रचलेलं. त्यातला हयात असलेला डीकन १९९७ पासून बँडपासून दूर आहे आणि मुलाखती देत नाही, त्यामुळे मागणी करणाऱ्यांना त्याच्याकडूनही काही उत्तर मिळण्याची शक्यता दिसत नाही.