काटा वजन सांगतो, उतारा नाही



उसाची गाडी काट्यावर चढली की टन कळतात. साखर किती निघेल ते उतारा काढल्यावरच कळते. माणसाच्या वजनाचेही तसेच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डॉक्टर मंडळी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बी. एम. आय., काढायला सांगतात. हिशेब सोपा आहे. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरने दोनदा भागायचे. उंची 165 सेंटिमीटर, वजन 66 किलो, तर आकडा 24.2. जगाच्या तक्त्यात 18.5 ते 25 ठीक समजतात. पण भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली आपल्या लोकांसाठी 23 पासूनच जादा वजन धरले. म्हणजे हा गडी हद्द ओलांडून गेला!

असे का? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बी. एम. आय. 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. काटा तोच, माल वेगळा!

आपल्या उमरखेड, महागाव, पुसदकडे पोट सुटले की लोक म्हणतात, "भाऊ, तब्येत काढली!" हातपाय बारीक असलेला म्हणतो, "मले कायची शुगर?" दोन्ही समजुती घातक आहेत. कमरेला टेप लावा. पुरुषाची 90, बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर रक्त तपासून घ्या. साखर उसात वाढावी, रक्तात नव्हे.

उलट, मोळ्या वाहणाऱ्या तोडणी मजुराचा आकडा 18.5 च्या खाली असेल, तर त्याला नुसते 'काटक' म्हणून चालणार नाही. ती उपासमारीची खूण असू शकते. लहान मुले व गरोदर बाया यांना मात्र हे तक्ते लागू नाहीत.

आमची सूचना अशी की, हंगामापूर्वी प्रत्येक गट कार्यालयात वजनकाटा, उंचीची पट्टी व टेप ठेवावी. ऊस नोंदीला येणारा सभासद, त्याची कारभारीण आणि तोडणी टोळ्या, सर्वांची मापे घ्यावीत. हे कारखान्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. पण माती तपासा म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरतो. मातीचा धनी कोणी तपासायचा?

— ऊस विकास अधिकारी