विश्लेषण : पाथर्डीत पन्हाळ साफ करायचा मुहूर्त कोणता?

मृगाचा पहिला पाऊस पडला की पत्र्याच्या कडेने पाण्याचा पडदा कोसळू लागतो आणि तेव्हा घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येते की पन्हाळ तुंबली आहे. मग भर पावसात शिडी लावली जाते, हाताने चिखल उपसला जातो आणि अंगणातल्या कडुनिंबाला शिव्या घातल्या जातात. पाथर्डी तालुक्यातल्या अनेक घरांचे हे दरवर्षीचे चित्र आहे. झाड आहे तिथेच आहे आणि पाऊसही त्याच्या वेळेवर येतो. चुकते ते सफाईचे वेळापत्रक.

पन्हाळ तुंबते कशी?

पत्र्याच्या किंवा कौलाच्या कडेला पाणी झेलण्यासाठी लावलेल्या पत्र्याच्या वा पीव्हीसीच्या नळीला कोणी पन्हाळ म्हणते, कोणी पनाळ, तर नव्या बांधकामांवरचे मिस्त्री सरळ ‘गटर’ म्हणतात. तिचे काम एकच असते. छतावरचे पाणी गोळा करून एका टोकाच्या पाइपमधून खाली सोडायचे. पाणी वाहावे म्हणून तिला दर दहा फुटांना साधारण एक इंच उतार द्यावा लागतो.

नुसती कोरडी पाने पन्हाळीत पडली तर त्यातली बरीचशी वाऱ्याने उडून जातात. खरा घोटाळा होतो तो धुळीमुळे. पाथर्डीत मार्च ते मे या काळात वावटळी उठतात आणि शेतातली बारीक माती छतावर येऊन बसते. ती पानांत मिसळते. वळवाचा एखादा शिडकावा झाला की त्याचा शेणकाल्यासारखा लगदा होतो आणि पुढच्या उन्हात तो वाळून घट्ट होतो. पाइपच्या तोंडाशी किंवा खालच्या बेंडमध्ये असा एक गोळा बसला, तरी वीस फूट पन्हाळ निकामी होते.

स्लॅबच्या घरांचीही यातून सुटका नाही. तिथे पन्हाळ नसली तरी कठड्याच्या कोपऱ्यात पाणी काढायचा पाइप असतो. त्याच्या तोंडावर पिंपळाची चार-पाच पाने आडवी बसली की स्लॅबचे तळे होते. वीस बाय तीस फुटांच्या स्लॅबवर चार इंच पाणी साठले, तर ते साडेपाच हजार लिटरहून जास्त भरते. म्हणजे साडेपाच टनांहून अधिक वजन, तेही बांधताना कोणी गृहीत न धरलेले. शिवाय पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळ-वडाचे बी अशा ओल्या कोपऱ्यात हमखास रुजते. त्याची मुळे एकदा भेगेत शिरली की रोप उपटूनही उपयोग होत नाही.

पानगळीच्या वेळी घरात कोण असते?

समाजमाध्यमांवर पन्हाळ सफाईचे व्हिडीओ भरपूर सापडतात. त्यातले बरेच अमेरिका-युरोपातले असतात आणि ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सफाई करायला सांगतात. तिकडची पानगळ तेव्हा असते, त्यानंतर बर्फ पडतो. तो सल्ला पाथर्डीत लावला तर पन्हाळ पाऊस संपल्यावर साफ होईल आणि पावसाआधी पुन्हा भरेल.

इथे कडुनिंब आणि पिंपळ पाने टाकतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते; स्थूलमानाने हाच पानगळीचा काळ. पाडव्याला गुढीला बांधायला जी कोवळी पालवी मिळते, ती जुनी पाने खाली आल्यानंतरची. ती जुनी पाने अर्धी अंगणात आणि अर्धी पत्र्यावर पडलेली असतात. एप्रिलमध्ये निंबाचा बारीक मोहोर झडतो, चिंचेची पाने गळतात, गुलमोहराच्या पाकळ्या पडतात.

आणि नेमक्या याच काळात पाथर्डीतल्या कितीतरी घरांना कुलूप असते. हा तालुका ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीनंतर जोडपी कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. म्हणजे पन्हाळ भरते तेव्हा शिडीवर चढू शकणारा माणूस तीनशे किलोमीटरवर ऊस तोडत असतो. परत आल्यावर पाण्याची ओढाताण, लग्नसराई, पेरणीपूर्व मशागत आणि उचलीचा हिशेब यांत तीन महिने निघून जातात. पन्हाळीकडे पाहायला सवड मिळत नाही. हा निष्काळजीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

मे महिन्यातली सफाई पुरेशी का नाही?

ज्यांना सवड असते ते मेच्या अखेरीस एकदा पन्हाळ साफ करतात आणि वर्षाचे काम उरकले असे मानतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर हे काही प्रमाणात चालून जाईल, कारण तिथला मोठा पाऊस जून-जुलैमध्येच येतो आणि तो साचलेले बरेच काही वाहूनही नेतो. पाथर्डी मात्र पर्जन्यछायेत आहे. जून-जुलैमध्ये इथे अनेकदा नुसती भुरभुर असते. नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात सरासरीने सर्वाधिक पाऊस होतो तो सप्टेंबरमध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये तालुक्यात अतिवृष्टी होऊन ओढ्या-नाल्यांना पूर आला आणि घरांत पाणी शिरले, ते याच महिन्यात.

आता यात झाडाचे दुसरे वेळापत्रक मिसळा. कडुनिंबाच्या लिंबोळ्या पिकून गळतात त्या जून-जुलैत, म्हणजे मेमधल्या सफाईच्या नंतर. गर असलेली लिंबोळी चिकट असते. ती पाखरे खातात, बिया पत्र्यावर टाकतात, त्या घरंगळत पन्हाळीत जातात. भुरभुर पावसाने त्या भिजतात, पण वाहून जाण्याइतके पाणी नसते. ऑगस्टपर्यंत पन्हाळीच्या तळाशी बियांचा आणि मातीचा थर बसतो, काही ठिकाणी तर निंबाची रोपेही उगवतात. आणि मग सप्टेंबर उजाडतो.

म्हणून पाथर्डीत दोन सफाया हव्यात आणि त्यातली दुसरी अधिक महत्त्वाची आहे. पहिली मेच्या पहिल्या पंधरवड्यात, मोहोर झडून गेल्यावर. दुसरी १५ ऑगस्टच्या आसपास, लिंबोळ्या संपल्यावर. मेमधली चुकली तर नुकसान थोडे असते. ऑगस्टमधली चुकली, तर नवरात्रात मोहट्याला जाईपर्यंत भिंत ओली राहते.

ओली भिंत म्हणजे नेमके किती नुकसान?

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारी भाषेत त्याला अतिवृष्टी म्हणतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा साधा हिशेब. वीस बाय तीस फुटांचे छत सुमारे ५५ चौरस मीटर भरते. त्यावर ६५ मिलिमीटर म्हणजे साडेतीन हजार लिटरहून जास्त. त्यातला निम्मा पाऊस अर्ध्या तासात पडला, तर दर सेकंदाला एक लिटर पाणी येते. पंधरा सेकंदांत एक बादली, सलग अर्धा तास. पन्हाळ तुंबलेली असेल तर ही बादली भिंतीच्या पायथ्याशी रिकामी होते.

तालुक्यात जिथे काळी माती आहे तिथे हे जास्त महागात पडते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आक्रसते. घराच्या एकाच बाजूची माती वारंवार भिजली की पाया एका बाजूने हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. गावठाणातली जुनी मातीच्या भिंतींची आणि माळवदाची घरे तर पाण्यापुढे टिकतच नाहीत. पूर्वी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती घालून ते चोपायची रीत होती, त्यात पाण्याची वाट मोकळी करणे आपोआप होत असे. माळवदावर पत्रे आले, मातीचे काम गेले आणि त्याबरोबर वर्षातून एकदा छतावर जायची सवयही गेली.

यात एक कटू भाग आहे. अतिवृष्टीत घराची पडझड झाली तर पंचनामा होतो, मदत मिळू शकते. अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के नुकसान दिसावे लागते. तुंबलेल्या पन्हाळीने चार पावसाळे भिजवून पोकळ केलेली भिंत मात्र पडेपर्यंत कोणत्याच रकान्यात बसत नाही.

साचलेल्या पाण्याचा आणखी एक धोका असतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणते, तेव्हा घरातली पिंपे आणि हौद रिकामे होतात. पन्हाळ दिसत नाही म्हणून तशीच राहते.

वाया जाणारे पाणीही मोजायला हवे. पाथर्डीत वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असे मानले, तरी त्या ५५ चौरस मीटरच्या छतावरून २२ हजार लिटर पाणी हाती येऊ शकते. दहा हजार लिटरचे दोन टँकर. उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणाऱ्या तालुक्याला ही रक्कम छोटी नाही. अर्थात पन्हाळीत सडलेल्या पानांवरून आलेले पाणी चहासारखे तपकिरी आणि वासाचे असते, ते कोणी हौदात घेत नाही. पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडायचे आणि नंतरचे साठवायचे, हे जमते ते पन्हाळ स्वच्छ असेल तरच.

जाळी बसवली की काम झाले?

बाजारात पन्हाळीवर बसवायच्या जाळ्या मिळतात आणि विकणारे ‘एकदा बसवा, विसरून जा’ असे सांगतात. यातला दुसरा भाग खोटा आहे. पिंपळ, वड, आंबा, बदाम अशा रुंद पानांच्या झाडाखाली जाळी चांगले काम करते. चिंच आणि गुलमोहराची पानेच इतकी बारीक की ती जाळीतून आरपार जातात. जाळी आणखी बारीक घेतली तर धूळ आणि मोहोर तिच्यावर पापुद्रा धरतात आणि पाणी जाळीवरूनच पलीकडे उडी मारते. कडुनिंबाखाली जाळी लिंबोळ्या अडवते एवढे खरे, पण त्या झाडूने लोटायला वर जावे लागतेच. पैसे मोजकेच असतील तर पूर्ण पन्हाळीवर जाळी टाकण्यापेक्षा पाइपच्या तोंडावर तारेची उभट टोपी बसवणे आणि खालच्या बेंडला उघडता येणारे झाकण घेणे शहाणपणाचे.

वर चढायचे कोणी?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, तो सगळ्यात आधी विचारायला हवा. घरात तरुण माणूस नसताना पासष्टीचे आजोबा शिडीवर चढतात, आणि पन्हाळीपायी घराचे सर्वांत मोठे नुकसान तिथे होऊ शकते. सिमेंटचे पत्रे वरून भक्कम दिसतात, पण जुने झाले की पायाखाली काचेसारखे फुटतात. त्यावर पाय ठेवूच नये. लोखंडी पत्र्यावर जायचेच असेल तर खाली लोखंडी पाइप असतो त्या हुकांच्या ओळीवरूनच पाय टाकावा. खांबावरून घरात येणारी विजेची तार बहुतेक वेळा पन्हाळीच्या हातभर अंतरावर असते. ओली पन्हाळ, लोखंडी शिडी आणि सोललेली तार यांचा मेळ जीवघेणा आहे. पालापाचोळ्यात विंचू आणि कोपऱ्यात गांधीलमाश्यांचे पोळे असू शकते, तेव्हा उघड्या हाताने उपसणे टाळावे.

जमिनीवर उभे राहूनही बरेच काम होते. लांब बांबूला वाकवलेली पळी किंवा खुरपे बांधले की एकमजली घराची पन्हाळ खालूनच ओढून काढता येते. मग वरच्या टोकाला नळीने पाणी सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला ते किती वेळात येते ते पाहायचे. मध्येच कुठे पाणी थबकले तर तिथला आधार खचला आहे. ओला पाला जड असतो. वीस फुटांची सहा इंची पन्हाळ काठोकाठ भरली तर तिच्यात शंभर किलोच्या घरात वजन होते आणि खिळे तिथेच सुटतात. काढलेला पाला जाळू नये. निंबाचा पाला आणि लिंबोळ्या शेताला हव्याच असतात.

मग झाडच तोडले तर?

रागाच्या भरात हा उपाय सर्वांत आधी सुचतो. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात पत्र्याच्या घरावरची सावली गेली की काय होते, हे पाथर्डीकरांना सांगायला नको. कायदाही आडवा येतो. नगरपरिषद हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि त्यात झाडाला इजा करणे हेसुद्धा तोडण्यात धरले जाते, म्हणून मोठी फांदी काढण्याआधीही परवानगी घ्यावी. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ यांसारखी झाडे आहेत. पत्र्याला घासणारी किंवा तारेवर झुकलेली फांदी परवानगीने छाटणे योग्यच. मात्र पन्हाळीसाठी आख्खे झाड पाडूनही पाला येतच राहतो, कारण शेजाऱ्याचा निंब तिथेच असतो आणि वाऱ्याला बांध नसतो.

पावसाळ्याआधी नगरपरिषद गटारे आणि नाले साफ करते, गावोगावी ग्रामपंचायती तेच करतात. त्या यादीत बंद घरांच्या आणि एकट्या वृद्धांच्या घरांच्या पन्हाळी घालायला फार मोठा खर्च नाही. दोन माणसे, एक शिडी, दोन बांबू आणि वर्षातून चार-पाच दिवस. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची नावे गावात सगळ्यांना ठाऊक असतात. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्राच्या छतांपासून सुरुवात केली तरी चालेल, कारण त्या आवारांतही निंब, पिंपळ आणि गुलमोहर आहेत आणि तिथली पन्हाळ कोणाच्याच मालकीची नसल्यासारखी असते. तारीख मात्र मेबरोबर ऑगस्टचीही ठरवावी लागेल. १५ ऑगस्टला झेंडावंदनासाठी गाव शाळेच्या मैदानावर जमतेच. शिडी त्याच दिवशी बाहेर काढता येईल.