चार मीटरच्या आत काय बसवलं, ते बोला

गाडीच्या डिझाइनवर मत देणं हा आपल्या देशात क्रिकेटखालोखालचा छंद आहे. नवी छोटी गाडी बाजारात आली की आठ-दहा दिवस तिच्या तोंडावर चर्चा. ग्रिल कुणासारखी आहे, दिवे किती बारीक आहेत, चाकं किती इंचांची, मागची लाल पट्टी सलग का नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीची चौथ्या पिढीची डिझायर आली तेव्हाही हेच झालं. पुढून ऑडीसारखी दिसते म्हणून काही खूश, काही नेमके त्याच कारणाने नाराज. आमच्या मेसमध्ये जेवणाच्या टेबलावर हा वाद दोन दिवस चालला. मागच्या सीटवर बसून कुणी पाहिलं का, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

गाडीवेड्या मित्रांशी माझं भांडण इथेच आहे. छोट्या गाडीचं डिझाइन म्हणजे तिच्या चेहऱ्यावरच्या रेघोट्या नव्हेत. पाच माणसं, त्यांचं सामान, इंजिन आणि धडक बसल्यावर चुरगळण्यासाठी राखून ठेवलेली जागा, हे सगळं चार मीटरच्या आत कसं बसवलं, हा खरा प्रश्न. त्यावर कुणी बोलत नाही, कारण ते फोटोत दिसत नाही.

ही चार मीटरची रेघ आली कुठून? २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. करांची नावं बदलली, रेघ तिथेच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि बाहेरच्या गाडीवर ४०. म्हणजे आपल्याकडच्या डिझायनरच्या हातात पेन्सिल देण्याआधी सरकारने कागद कापून दिलेला असतो.

आता डिझायरचंच उदाहरण घ्या. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, डिकी ४४० लिटरची. २०१२ मध्ये कर वाचवण्यासाठी ती ३९९५ मिलिमीटरवर आणली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. गाडीवेड्यांनी तिला शेपूट कापलेली गाडी म्हणून यथेच्छ हिणवलं. दिसायला ती बेढब होती, मान्य. पण पुढे काय झालं ते पाहा. २०१७ ची डिझायर तेवढ्याच लांबीची, तरी डिकी ३७८ लिटरची. २०२४ ची पुन्हा तेवढीच लांब, आणि डिकी ३८२. एक मिलिमीटर लांबी न वाढवता कुणीतरी ६६ लिटर जागा शोधून काढली. २०१७ मध्येच रुंदी ४० मिलिमीटरने वाढली, कारण नियमाने लांबी बांधली आहे, रुंदी नाही. ते ४० मिलिमीटर मागे दाटीवाटीने बसलेल्या तिघांच्या खांद्यांना कळतात. चाकांमधलं अंतरही २० मिलिमीटरने वाढलं. हे सगळं कागदावर बसवणाऱ्या माणसाला शाबासकी देणारी किती मतं तुम्ही ऐकलीत? मी तरी बोटावर मोजण्याइतकीच ऐकली.

हा दृष्टिदोष जुना आहे. १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली तेव्हा तिच्या उंच डोक्याची भरपूर टिंगल झाली. पण लोकांनी ती घेतली, कारण तिच्यात बसताना वाकावं लागत नव्हतं. गुडघे दुखणारी आई त्या गाडीत खुर्चीवर बसावं तशी बसायची आणि तशीच उतरायची. डोक्यावर जागा, पायाला जागा आणि बाहेरून लहानशी गाडी. टिंगल करणाऱ्यांना छपराची रेघ दिसत होती. घेणाऱ्यांना घरातली माणसं दिसत होती.

फौजेतल्या माणसाला हे पटवून द्यावं लागू नये. आमच्या जिप्सीचं कौतुक सगळे करतात, पण तिच्या मागच्या आडव्या बाकांवर बसून शंभर किलोमीटर केलेल्या माणसाला पाठीत मणके किती असतात ते नीट सांगता येतं. मात्र ड्रायव्हरला सीटवरून गाडीचे चारही कोपरे दिसायचे, आणि मेकॅनिकचा हात हव्या त्या नटापर्यंत पोचायचा. ज्या कामासाठी ती ठेवली होती, त्या कामाला ती चोख होती. हीच फूटपट्टी घरच्या गाडीला लावा. घरच्या गाडीचं काम कोणतं? आईवडिलांना दवाखान्यात नेणं, मुलांना शाळेत सोडणं, सुट्टीत गावी जाणं, आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत दर दोन-तीन वर्षांनी अर्धा संसार घेऊन पुढच्या पोस्टिंगला निघणं.

या फूटपट्टीने आजच्या फॅशनकडे पाहा. खिडकीची खालची कड मागे जाताना वर चढते. बाजूने फोटो झोकदार येतो, पण मागे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला बाहेरचं काही दिसत नाही आणि घाटात त्याला मळमळतं. मागची काच पोस्टकार्डाएवढी होत चालली आहे. जुलै २०१९ पासून रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले हे चांगलंच, पण बाजूने धावत येणारं पोर सेन्सरआधी डोळ्याला दिसायला हवं. बटणं काढून सगळं टचस्क्रीनमध्ये टाकलं आहे. लडाखच्या थंडीत जाड हातमोजे घातलेल्या माणसाने आतून धुरकटलेली काच साफ करायला स्क्रीनवर कुठे बोट ठेवायचं? हे फक्त फौजी रडगाणं नाही. इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापायचं युरो एनकॅपनेही २०२६ पासून ठरवलं आहे.

तुम्ही म्हणाल, पैसे आमचे, आवड आमची, तुम्हाला काय त्रास? त्रास सांगतो. आमच्या युनिटमधला सातारा जिल्ह्यातला एक हवालदार कॅन्टीनमधून पहिली गाडी घ्यायला निघाला होता. मला म्हणाला, "साहेब, सनरूफवाली घेतोय. पोरं म्हणतात तीच भारी दिसते."

मी विचारलं, "मागे कोण बसणार?"

"आई, दादा आणि धाकटी."

"मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का?"

तो गप्प. शोरूममध्ये कुणी दाखवला नव्हता, आणि ज्यांची मतं ऐकून तो निघाला होता त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. सनरूफसाठी तो पाच वर्षं जादा हप्ता भरणार होता.

रजेवर गेलेला जवान रस्त्यावर गेला, असा निरोप प्रत्येक कमांडिंग ऑफिसरच्या नशिबी कधी ना कधी येतो. म्हणून त्या मधल्या पट्ट्याचं मला सनरूफपेक्षा जास्त पडलं आहे. नव्या डिझायरमध्ये सहा एअरबॅग आणि पाचही सीटना तीन टोकांचा पट्टा सगळ्या व्हेरिअंटमध्ये आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळवणारी ती मारुतीची पहिली गाडी. ताऱ्यांची बातमी झाली खरी, पण डिझाइनच्या चर्चेत तिला जागा मिळाली नाही. जणू पट्टा कुठे अडकवायचा आणि पत्रा कुठे दुमडायचा, हे डिझाइनच नव्हे!

सौंदर्याला माझा विरोध नाही. खडकवासल्याच्या ड्रिल स्क्वेअरवर तीन वर्षं काढलेला माणूस टर्नआउटला विरोध करणारच नाही. पण तिथे बुटाची चमक बघणारा उस्ताद पाय वर करायला लावून तळवाही बघायचा.

तेव्हा मित्रहो, पुढच्या नव्या गाडीवर मत देण्याआधी एवढं करा. मागच्या मधल्या सीटवर बसून शंभर किलोमीटर जा. डिकीत एक काळी ट्रंक आणि दोन बॅगा कोंबून झाकण लागतं का पाहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिच्यात बसवा आणि उतरवा. पावसात, रात्री, गाडी मागे घ्या. हातमोजे घालून एसी चालू करा. मग ग्रिलवर काय बोलायचं ते बोला, मी ऐकायला बसतो.