प्रयोगशाळेविना विज्ञान

मुलांना शाळेत न घालता घरी शिकविणारे पालक नाशिकचे असोत की मुंबईचे, त्यांचे घोडे अडते ते बहुधा विज्ञानापाशी. महागड्या प्रयोगपेट्या हा त्यावरील तोडगा नव्हे. १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी पुढे टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडविली. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या, की चौकोन बोटाच्या दाबाने कलतो. त्रिकोण ढळत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का, हे मग मुलाला सांगावे लागत नाही. त्यांची पुस्तके मराठीतही विनामूल्य मिळतात.

तेव्हा खरा खर्च साहित्याचा नसून वेळेचा आहे, आणि तो बहुधा आईच्या खात्यावर पडतो. राष्ट्रीय उत्पन्नात त्याची नोंद होत नाही, हे ओघानेच आले. दोघेही कमावते असतील, तर फुकटचे खेळणेही महाग पडते.

शिवाय काड्यांची मजल मर्यादित आहे. सूक्ष्मदर्शक आणि आम्ले स्वयंपाकघरात कोठून आणावयाची? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले. घरी शिकणाऱ्याची वेगळी तरतूद त्यात नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले आणि वर्गाबाहेरील प्रौढांना पदवीची वाट खुली झाली. बालकांसाठी तेवढेही नको. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा रविवारी चार तास उघडल्या तरी पुरे. भांडवली खर्च पूर्वीच झालेला आहे. जादा पडेल तो साहाय्यकाचा भत्ता आणि फुटक्या परीक्षानळ्यांची किंमत. नाममात्र शुल्कातून दोन्ही भागू शकेल.